भातलावणीचं पान

खेड्यांच्या जुन्या छायाचित्रांची पुस्तकं मी जमवतो, आणि त्यांना हात लावायचा तर आधी तो साबणाने धुवावा लागतो. घरातले त्यावरून मला हसतात. हसोत.

अकरा वर्षं शोधल्यावर २००१ साली एक दुर्मिळ पुस्तक पुण्याच्या रद्दीवाल्याकडे सापडलं. कोकणातल्या शेतीवरचं, चाळीस वर्षांपूर्वीचं. त्यातलं भातलावणीचं पान मी भिंगाखाली शंभरदा पाहिलं असेल. पावसासाठी डोक्यावर इरली घेतलेल्या, चिखलात वाकलेल्या बायका. रत्नागिरीत, मांडवीतल्या आमच्या घरी जो येईल त्याला मी ऐकवायचो, "खरं खेडं बघायचं तर हे!"

एकदा शेजारच्या तुळसाकाकू आल्या. पुस्तकातलं गाव त्यांच्या माहेरचं, म्हणून मुद्दाम तेच पान उघडलं. काकू क्षणभर बघत राहिल्या आणि तोंडाला पदर लावून हसायला लागल्या.

"अरे, ही मी, लग्नाआधीची! फोटोवाला आला मे महिन्यात, आणि त्याला हवी लावणी. मग देवळाच्या तळीतल्या चिखलात उभं केलंन आम्हाला, रोपं म्हणून हातात गवत दिलंन, नि भर उन्हात डोक्यावर इरली!"

"मे महिना कशावरून?" मी चिडलोच. "चाळीस वर्षांपूर्वीचं कुणाच्या लक्षात राहतं?"

काकूंनी धुतलेलं बोट फोटोच्या कोपऱ्यातल्या झाडावर ठेवलं. झाड आंब्यांनी लगडलेलं होतं.

"जन्म रत्नागिरीतलाच ना रे तुझा?"