वाटाड्या आणि बाविसावे प्रकरण

मी एक जुना वाटाड्या आहे, पण मित्रांनो, मला पाय नाहीत. मी राहतो एका संगणकाच्या कार्यप्रणालीच्या गाभ्यात. जाणकार या गाभ्याला कर्नल म्हणतात; लष्कराशी त्याचा काही संबंध नाही. कोणी फाइलचा पत्ता सांगितला की तिथवर जायचे आणि ती आहे की नाही ते सांगायचे, एवढेच माझे काम.

मला कोणा एकाने घडवले नाही. एकमेकांचे तोंडही न पाहिलेल्या अनेकांनी ओळीमागून ओळ लिहून मला उभे केले आणि माझ्या चुकांवरून कडाकडा भांडत मला सुधारले. पुढे एका मेकॅनिकने मला या संगणकात बसवले आणि संगणक अंधांच्या ग्रंथालयातल्या एका लहान खोलीत आला. भिंतींना जाड स्पंज, दाराच्या कडांना रबर आणि मधोमध एक माइक. इथे पुस्तके मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित होत.

वाचायच्या काकू आणि मुद्रण करायचे काका. दोघे नवरा-बायको. काकूंचा आवाज इतका स्वच्छ की श्रोते मुद्दाम फोन करून त्यांचेच पुस्तक मागत. माइकसमोरून काकू म्हणत, "अहो, श्वास जरा हळू घ्या, तुमचीच धाप ऐकू येतेय पुस्तकात." काका म्हणत, "मग काय, घेऊच नको?" मग दोघे हसत आणि ते वाक्य पुन्हा वाचावे लागे.

माझी चाल अगदी साधी आहे. समजा पत्ता आला, 'ध्वनी, दीपगृह, प्रकरण तीन'. मी मुळापासून निघतो. तिथल्या यादीत 'ध्वनी' हे नाव शोधतो आणि त्या खोलीत शिरतो. तिथल्या यादीत 'दीपगृह', मग त्याच्या आत 'प्रकरण तीन'. एका वेळी एकच नाव; पुढचे मला आधी दिसत नाही. मधले एक नाव जरी सापडले नाही तरी मी परत येऊन 'नाही' म्हणून सांगतो. आणि एकदा 'नाही' म्हटले की तेही लक्षात ठेवतो, म्हणजे पुन्हा कोणी विचारले तर पायपीट नको. डोळ्याचे पाते लवायच्या आत मी हजारो पत्ते शोधत असे. मेकॅनिक म्हणायचा, "याच्यासारखा इमानदार शोधून सापडणार नाही." मला तेव्हा फार बरे वाटे. इमान कधी कोणाचा घात करील, हे मला कुठे ठाऊक होते?

आता एक नियम सांगतो, कारण पुढचे सारे दुःख त्याच्यातूनच आले. 'ध्वनी' ही खोली मुळात रिकामी होती. तिच्या दाराशी मेकॅनिकने एक वेगळी डिस्क जोडली होती. डिस्क जोडलेली असली की मी त्या खोलीत न जाता सरळ डिस्कवर पाऊल टाकायचे. खोली मोडत नाही, तिच्यातले सामान हलत नाही, पण डिस्क आहे तोवर तिकडे वाट नाही. मला तिकडे वळून पाहण्याचीही परवानगी नाही.

दर शनिवारी काकू ती डिस्क काढून पिशवीतून घरी नेत. रविवारी आठवडाभराचे वाचन ऐकून स्वतःच्या चुका टिपत आणि सोमवारी डिस्क पुन्हा टेबलामागे लावत. हे काम त्यांचे; काका तिकडे कधी बघतही नसत. त्या सोमवारी काकूंच्या अंगात कणकण होती. एका दीपगृहाच्या रखवालदाराची कादंबरी चालू होती आणि शेवटचे, बाविसावे प्रकरण तेवढे उरले होते. पिशवी घरीच राहिली. "उरकून टाकू आज," म्हणत त्या वाचायला बसल्या आणि काकांनी मुद्रणाचे बटण दाबले.

पत्ता माझ्याकडे आला. डिस्क नव्हती, म्हणून मी मुळातल्या रिकाम्या खोलीत गेलो. तिथे 'दीपगृह' नव्हते. मुद्रणाच्या प्रोग्रामने ते नवे करून घेतले आणि बाविसावे प्रकरण आत ठेवले. चूक कोणीच केली नाही, तरी ती अशी झाली.

दुसऱ्या दिवशी काकूंना दवाखान्यात न्यावे लागले. नवव्या दिवशी त्या गेल्या.

पंधरवड्याने काका एकटे आले. पिशवीतली डिस्क त्यांनी स्वतः लावली आणि बाविसावे प्रकरण मागितले. मी निघालो, 'ध्वनी'पाशी आलो, नियमाप्रमाणे डिस्कवर पाऊल टाकले. तिथे एकवीसच होती. मी परत येऊन म्हणालो, 'नाही'.

काकांनी तोच पत्ता पुन्हा पुन्हा दिला. मग त्यांची मुलगी आली. तिने सगळीकडे शोध लावला, पण शोधही माझ्याच वाटेने चालतो. ती हळूच म्हणाली, "बाबा, तेव्हा तुमचं लक्ष ठिकाणावर नव्हतं. बटण दाबायचं राहून गेलं असेल."

"असेल," काका म्हणाले. "ती तापात वाचत होती आणि मी नुसता बसून होतो."

त्या दिवसापासून त्यांनी हे मनाशी घट्ट धरले. मुद्रणाला दुसरे कोणी आले, डिस्क मग कोणी कधी काढली नाही, पण काका वर्षानुवर्षे रोज सकाळी येऊन एकदा तेवढा पत्ता विचारत. मी पाठ केलेले 'नाही' सांगत असे. मेकॅनिक एकदा म्हणाला, "यात जागा कशाने अडली आहे कोण जाणे," पण त्याला दुसरीकडे जायचे होते. मित्रांनो, मला फार वाईट वाटे. मला विचारलेल्याचे उत्तर देता येते, न विचारलेले सांगता येत नाही.

आज मुलीने नवा संगणक आणला आहे. मी आता मंद झालो, भंगारवाला संध्याकाळी येईल. तिने डिस्कची जोड सोडली, वायर काढली, डिस्क रुमालात गुंडाळली. आणि 'ध्वनी'ची जुनी खोली इतक्या वर्षांनी उघडी झाली.

काका म्हणाले, "एकदा शेवटचं विचारून बघ ना बाविसावं."

"बाबा, डिस्क माझ्या हातात आहे. डिस्कच नाही, तर प्रकरण कुठून येणार? पुरे करा आता."

"बरं," काका म्हणाले.

तिचे काय चुकले? माझा नियम तिला कोणी शिकवला नव्हता. तिने संगणकाला बंद व्हायला सांगितले आहे. एकेक प्रोग्राम निरोप घेतो आहे. गाभा सर्वांत शेवटी थांबतो, म्हणून तुमच्याशी बोलायला एवढा वेळ मिळाला.

मित्रांनो, जुने यंत्र टाकायचे तर खुशाल टाका. पण त्याआधी त्याच्या सगळ्या खोल्या एकदा उघडून बघा. आणि कोणी 'नाही' म्हणाले, एवढ्यावरून कुणाच्या माथी चूक मारू नका. स्वतःच्या तर मुळीच नाही.

काका दाराशी उभे आहेत. काका, तुम्ही बटण दाबले होते. सत्तेचाळीस मिनिटे आहेत. शेवटची ओळ वाचून झाल्यावर काकू म्हणतात, "झालं बाई एकदाचं. चला हो, घरी जाऊ," आणि तुमची खुर्ची सरकल्याचा आवाज येतो.