शिडीची चाचणी

अग्निशमन दलाच्या खरेदी अधिकारी बाईंना ऑफिसात सगळे माघारी ‘फूटपट्टी’ म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं.

त्या वर्षी चाळीस शिड्या घ्यायच्या होत्या. सगळ्यांत कमी दर मंत्र्यांच्या मेहुण्याचा. त्याने नमुन्याच्या दोन शिड्या पाठवल्या. आवारात एकीवर वाळूची पोती टांगली, तर चौथ्याला सांधा कुरकुरला आणि सहाव्याला पायरी वाकली. बाईंनी अहवालात जसंच्या तसं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी मंत्र्यांचे सचिव स्वतः हजर. खुर्ची ओढून गोडीत म्हणाले, “बाई, एवढ्या तेवढ्यावर कशाला अडता? ‘किरकोळ दुरुस्तीसह मान्य’ लिहून टाका. साहेबांची तशी इच्छा आहे.”

“मग साहेबांकडून तसं लेखी आणा. फाइलला लावते.”

“असल्या गोष्टी कुणी लेखी देतं का?”

“मग मी त्या ऐकल्याच नाहीत.”

सचिवांचा सूर बदलला. “बदल्यांची यादी माझ्या टेबलावरून जाते, एवढं लक्षात असू द्या.”

बाई उठल्या. “चला, दुसरी शिडी उभीच आहे. माझे जवान खांद्यावर माणूस घेऊन उतरतात. तुम्ही नुसत्या चार पायऱ्या चढून दाखवा.”

आवारात जमलेल्या जवानांसमोर नाही कसं म्हणणार? सचिव दोन पायऱ्या चढले. शिडी कुरकुरली, तसे मुकाट्याने खाली आले.

“आज बूट नवे आहेत,” ते म्हणाले. जवानांनी माना फिरवून हसू दाबलं.

बाईंनी जागेवर येऊन टिपण लिहिलं: कोण आलं, किती वाजता, काय सांगितलं. आवक नोंदवहीत क्रमांक घालून ते फाइलला लावलं. आता त्या फाइलला हात लावायची कुणाची छाती होईना. मेहुण्याची निविदा बाद झाली आणि पुढच्या दरवाल्याच्या शिड्या दहा पोत्यांनाही डगमगल्या नाहीत.

घरी नवऱ्याने विचारलं, “आणि खरंच बदली केली तर?”

“तर डबा तासभर आधी भरावा लागेल. तुम्हाला.”

महिन्याभरात आदेश आलाच. लांबच्या गावी, जुन्या कागदांच्या विभागात. बाईंनी तो उभ्या उभ्या वाचला, पोच म्हणून सही ठोकली आणि शिपायाला विचारलं, “तिकडची पहिली बस किती वाजता सुटते हो?”