शमुवेलचं पाणी

"तुरुंगात नदी होती का, ते सांगा आधी!" हिलाल मास्तरांनी टेबलावर हात आपटला. "बायबलातल्या फिलिप्पैच्या तुरुंगाधिकाऱ्याचा बाप्तिस्मा घरच्या सगळ्यांसकट झाला. शिंपडूनच झाला असणार."

"असणार, असणार! शास्त्रात असणार चालत नाही," अभिमन पाळक म्हणाले. "बाप्तिस्मा म्हणजे जुन्या माणसाला पुरणं. मढं पुरताना कुणी चिमूटभर माती टाकून घरी जातं का?"

ताईबाई दाराजवळच्या बाकावर बसली होती. वाद तिच्यावरूनच चालला होता, पण दीड तासात तिला कुणी काही विचारलं नव्हतं. शिरपूरच्या मिशन दवाखान्यात ती सोळा वर्षं नर्स होती. तिकडे एक बाई सकाळपासून कळा सोसत होती, आणि इथे हे दोघे तुरुंगात नदी शोधत होते.

चर्चचे हे पाळक नवे होते. एकतीस सालच्या जानेवारीत आले आणि आल्या आल्या त्यांनी नियम केला. लहानपणी ज्यांच्या डोक्यावर नुसतं पाणी शिंपडलं, त्यांचा बाप्तिस्मा खरा नाही. त्यांनी अरुणावती नदीत बुडी घेऊन तो नव्याने घ्यावा, तोवर प्रभुभोजनाच्या भाकरीला हात लावू नये. मंडळीतले सातजण मुकाट्याने नदीत उतरून आले. ताईबाई आणि मास्तर उरले. ही तिसरी बैठक होती.

"ताईबाई, तुमची अडचण तरी काय?" शेवटी पाळक वैतागून म्हणाले. "पाणी कमरेएवढं आहे. दोन मिनिटांचं काम."

ताईबाई उठून उभी राहिली.

"मोठ्या दुष्काळात माझी आई गेली. मी पाच वर्षांची, भाऊ माझ्या कडेवर. त्याचं नाव ठेवायलाही कुणी उरलं नव्हतं. धरणगावकडच्या अनाथालयात मिशनच्या साहेबांनी एकाच वाटीतलं पाणी दोघांच्या डोक्यावर घातलं. त्याला शमुवेल म्हणाले. चौथ्या दिवशी तो गेला."

"हाच माझा मुद्दा!" मास्तर उसळले. "त्या लेकराचा बाप्तिस्मा जर—"

"मास्तर, तो मुद्दा नही, मन्हा भाऊ शे!"

दवाखान्यात इतकी वर्षं जपून बोललेली भाषा एकदम सुटली. तिच्या तोंडी घरची बोली आली.

"मी आते नदीमा गऊ, म्हंजे ते पानी खोटं व्हतं, आसं मीच सांगं ना? मी तरी उतरसू. त्याले कोन नदीवर आनी?"

पाळकांनी चष्मा काढला. "तसं नाही, बाई. लहान लेकरं देवाच्या दयेत असतात. त्यांना नियम नाही."

"मंग मीबी तठेच ऱ्हासू," ताईबाई म्हणाली आणि कळा देणाऱ्या बाईकडे निघून गेली. संध्याकाळी मुलगी झाली. आडवी होती, तरी दोघी वाचल्या.

नियम काही बदलला नाही. उन्हाळा सरायच्या आत मास्तरही नदीत उतरले. शाळा मिशनची होती, नोकरीचा प्रश्न होता. काठावर धोतर पिळताना त्यांनी ताईबाईकडे पाहिलं नाही. तिनेच त्यांना कोरडा पंचा नेऊन दिला.

पुढे अकरा वर्षं ती दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मिशनच्या देवळात येत राहिली. भाकरीचं ताट रांगेतून फिरत तिच्यापर्यंत येई. ती ते दोन्ही हातांनी घेई, क्षणभर मांडीवर धरी, आणि शेजारच्या पुष्पाबाईच्या हाती देई.