राणीच्या खोलीखालचं नाणं

तीस वर्षं मी आक्सुमच्या मातीत कुदळ मारतोय, पण त्या सकाळी राणीच्या म्हणवणाऱ्या खोलीत गिलाव्याच्या अखंड जमिनीखाली निघालेल्या नखाएवढ्या नाण्यानं माझं धाबं दणाणलं. नाण्यावर राजाचं तोंड आणि त्याच्या डोक्यावर क्रूस. आमची राणी माकेदा येरुशलेमला शलमोन राजाला भेटून आली, ती ख्रिस्ताच्या हजार वर्षं आधी. तिच्या खोलीखाली क्रूस येईलच कसा? म्हणजे खोली तिची नव्हेच.

उत्खननाच्या प्रमुख रिशानबाई तेव्हा तंबूत कॉफी घेत होत्या. शहाण्यानं त्यांना हाक मारली असती. मी मात्र आबा अत्सबहांकडे धावलो. ते माझ्या आत्म्याचे बाप. पोटातलं सगळं आधी आपल्या पुजाऱ्याच्या कानावर घालायचं, ही आम्हा लोकांची जन्माची खोड.

चाळीस वर्षं आबा यात्रेकरूंना ती माकेदाची खोली म्हणून दाखवत आले होते. दोन दिवसांवर मरियेचा सण होता, हजारो माणसं येणार होती. त्यांनी नाणं उलटसुलट करून पाहिलं.

"तुझ्या गळ्यातलं पडलं म्हणून सांग," ते म्हणाले.

खपलंही असतं. पाऊस झाला की शेतात अशी नाणी वर येतात. आम्ही ती चिंधीत शिवून गळ्यातल्या बाप्तिस्म्याच्या दोऱ्याला बांधतो. माझं गेल्या सुगीत हरवलं होतं. एखादं खड्ड्यात पडलं तर सगळी मेहनत पाण्यात जाईल, म्हणून रिशानबाई रोज आम्हाला झापायच्या.

खोटं बोलावं, तर तीस वर्षांच्या इमानावर माती. नाही म्हणावं, तर आबा मला सोडणार, मग मेल्यावर माझ्यासाठी प्रार्थना कोण करणार? मला आबांचा राग आला आणि त्याहून जास्त माझा.

आम्ही दोघं खड्ड्याशी परतलो. तोवर तिथे आलेल्या रिशानबाईंनी नाणं तळहातावर घेतलं आणि माझ्या रिकाम्या दोऱ्याकडे पाहिलं.

"वेल्दूकाका, हे तुमचं तर नाही ना?"

मी दोरा मुठीत धरला. बाई आमच्याच गावच्या, माणसं ओळखणाऱ्या. त्या म्हणाल्या, आबांच्या क्रुसाला ओठ लावून सांगा, तुम्ही म्हणाल ते मी लिहीन.

आबांनी हातातला क्रूस पुढे केला. मी वाकलो, डोळे मिटले आणि म्हणालो, "माझं..."

ओठांना काहीच लागलं नाही. डोळे उघडले तर आबांनी क्रूस छातीशी घट्ट धरला होता.

"यावर नको," ते म्हणाले. मग बाईंकडे वळले. "नाणं खालचंच आहे. खोटं मी शिकवलं त्याला. लिही तू."

बाईंनी वही उघडली.

"पण राणी नव्हतीच, असं लिहू नकोस, मुली."

"ते मला कुठे ठाऊक आहे, आबा? मी फक्त खोलीचं लिहितेय."

आबांनी मान हलवली. चाळीस वर्षं ते त्या खोलीत अनवाणी वावरले होते. त्या दिवशी उंबऱ्याबाहेरच्या चपला त्यांनी आत आणल्या, मधोमध उभं राहून पायात घातल्या आणि निघून गेले.