दोनशे अकरात सातवी

"हां, धर. घट्ट धर," असं म्हणत लिंगराजने बैलाच्या मोडक्या शिंगाच्या बुंध्याभोवती पट्टी गुंडाळायला घेतली, तेव्हा त्याच्या डाव्या कानात एक बाई गात होती. उजवा कान त्याने बैलासाठी आणि बैलाच्या मालकासाठी मोकळा ठेवला होता. गेली दहा-बारा वर्षं कानांची ही वाटणी ठरलेली होती.

मालक चंद्रभान वेसण धरून उभा होता. बैल जरा शांत झाला तसा म्हणाला, "डागतर, यंदा यादीत पयला नंबर भाचीचाच ना?"

"अजून आठ दिवस हायत."

"आठ दिवसांत काय दुसरी भाची पैदा व्हनार हाय का?"

लिंगराज हसला आणि पट्टीला गाठ मारली. खरं तर तो डॉक्टर नव्हता. वालूरच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात तो व्रणोपचारक होता. म्हणजे जनावरांच्या जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, लसीकरणाला खेडोपाडी मोटारसायकल हाणायची. पण गावाने त्याला डागतर करून टाकलं होतं आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी तो ते नाकारायच्या भानगडीत पडत नव्हता.

गाण्याचं वेड त्याला कॅसेटच्या काळापासूनचं. स्वतः गात नसे, वाजवत नसे, नुसता ऐके. मोबाईलमध्ये नेट आलं आणि त्याच्या हाती घबाड लागलं. ज्यांच्यामागे कंपनी नाही, सिनेमा नाही, कुणी घरातल्या घरात, कुणी गच्चीवर, कुणी बंद पडलेल्या शाळेत बसून आपले आपण अल्बम काढतात, अशी माणसं देशभर आहेत हे त्याला कळलं. त्यांना 'इंडी' म्हणतात हेही कळलं. हे त्याने घरी सांगितलं तेव्हा त्याच्या चुलत्यांनी विचारलं होतं, "इंडी म्हंजे विजापूरकडची का? तिथं आपले पाव्हने हायत."

तेव्हापासून दर वर्षी एकतीस डिसेंबरला लिंगराज आपल्या आवडत्या दहा अल्बमांची यादी फुलस्केपवर निळ्या शाईने लिहायचा आणि स्टँडसमोरच्या भुजंगच्या हॉटेलात, एसटीच्या वेळापत्रकाशेजारी चिकटवायचा. अल्बमचं नाव, गाणाऱ्याचं नाव, गाव, आणि एक ओळ. पहिल्या नंबरचा अल्बम एक जानेवारीला दिवसभर भुजंगच्या स्पीकरवर वाजायचा, असा दोघांचा करार होता. यादीतलं गाणं गावात बहुधा कुणीच ऐकलेलं नसायचं. त्यामुळे चर्चेत अडचण येत नसे. चहा पिता पिता लोक बोलायचे, "हा आसामवाला गेल्या साली तिसरा व्हता, यंदा आठवा. घसरला गडी."

यंदा मात्र यादीत एक ओळखीचं माणूस येणार होतं. बोरीला दिलेल्या लिंगराजच्या थोरल्या बहिणीची, महानंदाअक्काची मुलगी धनश्री. बावीस वर्षांच्या या पोरीने वडिलांच्या दुकानामागच्या माल ठेवायच्या खोलीत, भिंतींना वाकळा टांगून, आठ गाणी स्वतः लिहिली, स्वतः गायली आणि दिवाळीत अल्बम काढला. नाव ठेवलं, 'दुपारची लाईट'.

लिंगराजने तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा त्याच्या डोळ्यांना धार लागली. पण ते ऐकणं त्याने मोजलं नाही. तो मामा होता, मामाचं रडणं हिशोबात धरायचं नसतं. त्याचा नियम होता: कुठलाही अल्बम सात वेळा ऐकल्याशिवाय नंबर द्यायचा नाही. त्यातलं एक ऐकणं गाडीवर, एक काम करताना आणि एक काहीही न करता, मांडी घालून.

चंद्रभानच्या गोठ्यातून तो बाहेर पडतो न पडतो तोच अक्काचा फोन आला.

"लिंगू, यादी कधी लावायलास?"

"एकतीसला. दरसाल लावतो तशी."

"मंग ऐक. तूर यायलीय, खोली रिकामी करा, असं ह्यांनी काल लावून धरलं. धनू रडायली. शेवटी हेच मनले, तिच्या मामाला यातलं कळतंय. मामानं पयला नंबर दिला तर खोली तिची. न्हाई तर एक तारखेला पोती लावतो."

"अक्का, असं सांगून नंबर देतेत का?"

"मी कुठं सांगायले? मी निस्तं कानावर घालायले," अक्का म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

त्या आठवड्यात लिंगराजने 'दुपारची लाईट' आणखी नऊ वेळा ऐकला. लसीकरणाहून परत येताना गाडी बाभळीखाली लावून ऐकला. औषधांच्या कपाटाची आवराआवर करताना ऐकला. रविवारी दुपारी मांडी घालून, डोळे मिटून ऐकला. दर वेळी त्याला वाटायचं, या खेपेला तो वर सरकेल. आणि दर वेळी तो तिथेच थांबायचा. पाच गाणी चांगली होती. त्यातलं एक तर फारच चांगलं. पण तीन गाण्यांमध्ये धनश्री बोरीची राहतच नव्हती. कुठलीतरी शहरातली मुलगी तिच्या गळ्यात येऊन बसायची.

तीस तारखेला संध्याकाळी त्याने यादी लिहायला घेतली. आधी पहिल्या नंबरवर धनश्रीचं नाव लिहिलं. मग बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसला. ज्या बाईचा अल्बम खरा पहिला होता ती सहा-सात राज्यं पलीकडे, डोंगरात राहत होती. नावाड्यांना घेऊन तिने नदीकाठी गाणी केली होती. तिची भाषा लिंगराजला ओ की ठो कळत नव्हती. तिला दुसऱ्या नंबरवर ढकललं हे तिला जन्मात कळणार नव्हतं, वालूर नावाचं गाव आहे हेही कळणार नव्हतं. आणि नेमकं म्हणूनच ते त्याच्याच्याने होईना.

त्याने कागद फाडला आणि दुसरा घेतला.

बायको राजेश्री खांद्यावरून डोकावली. "सातवा? तुमाला अक्का उंबऱ्यात उभं करनार न्हाईत."

"हाय तो सातवा."

"घरच्या पोरीला पयला दिला तर कुनाचं काय जायलंय? वाचतंय कोन ती यादी?"

"ती वाचनार हाय ना," लिंगराज म्हणाला. "तिला खोटं कसं सांगू? दुसरं कुनी खरं सांगनारं न्हाई तिला."

राजेश्री आत गेली. थोड्या वेळाने आतून म्हणाली, "बगा बाई. तुमची बहीन, तुमी जाना."

एकतीसला सकाळी यादी भिंतीवर चढली आणि तासाभरात बोरीला पोचली. अक्काचा फोन आला नाही, हेच अक्काचं बोलणं होतं. भुजंगने चहाचा कप जरा आदळूनच ठेवला. "आरं, गावात मान झाला असता पोरीचा. तू बी ना." चंद्रभान तर बैलाची पट्टी बदलायला आला तेव्हा त्याच्याशी फक्त बैलाबद्दलच बोलला.

एक तारखेला सकाळी भुजंगच्या स्पीकरवर डोंगरातली बाई गात होती आणि स्टँडवरची माणसं न कळणाऱ्या भाषेत चहा पीत होती. लिंगराज दवाखान्याच्या ओट्यावर एका शेळीचा खूर धूत बसला होता. तेवढ्यात फाटकातून स्कूटी आत आली. धनश्रीने हेल्मेट काढलं. डोळे सुजलेले होते, पण नमस्काराचं वळण मोडलं नव्हतं.

"शरणार्थ मामा."

"शरणार्थ. बस."

"बसायला आले न्हाई मी. सातवा कामून ते सांगा."

लिंगराजने शेळीवाल्या म्हाताऱ्याला पट्टी आणि दोन सूचना देऊन वाटेला लावलं. हात धुतले. मग टेबलाच्या खणातून वही काढली. दर वर्षीची एक, अशा तिथे बऱ्याच वह्या होत्या. त्याने पान उघडून तिच्यासमोर सरकवलं. एका पानावर संपलं असेल असं तिला वाटलं होतं. तिने पान उलटलं. आणखी एक उलटलं. तिच्या अल्बमवर साडेपाच पानं होती, बारीक अक्षरात.

"तिसरं गानं," लिंगराज म्हणाला. "तू 'पाऊल' मनताना ओठ आखडलेस. बोलताना तू तसं मनत न्हाईस. त्या गान्यात तुला लाज वाटायलीय."

"कशाची?"

"आपल्या बोलन्याची. चौथ्यात बी तसंच, सातव्यात बी. तिथं तू दुसऱ्याच कुनाचे कपडे घातलेस. सैल हायत."

धनश्रीने वहीतलं पान परत मागे उलटलं. तिसऱ्या गाण्याबद्दल तिच्या सगळ्या मैत्रिणींनी 'एकदम शहरी वाटतं' असं लिहिलं होतं. तिला ते खटकलं होतं, पण का खटकलं ते आत्ता कळलं.

"आन् पाचवं?" तिने विचारलं.

"पाचव्यात तू मधी एकटीच ऱ्हातेस. सगळं वाजनं बंद व्हतं. चार ओळी निस्ता गळा. तेवढ्या चार ओळी," लिंगराजने वहीवर बोट ठेवलं, "यंदा मी ऐकलेल्या सगळ्यांत भारी हायत. पयल्या नंबरवालीला बी तसं जमलं न्हाई. लिवलंय बग इथं."

धनश्रीने वाचलं. मग एकदम तिला हसू फुटलं. "मामा, ती चूक हाय. लाईट गेली होती. कीबोर्ड बंद पडला, मोबाईलवरची रेकॉर्डिंग चालूच. म्हटलं आता थांबलं तर सगळं परत करावं लागंल, म्हणून तशीच गात ऱ्हायले. मग काढूनच टाकावंसं वाटंना."

"म्हंजे अल्बमचं नाव..."

"त्याच्यावरूनच."

दोघंही हसत सुटले, इतके की दवाखान्याचे खरे डॉक्टर आतून बाहेर येऊन बघून गेले. हसता हसता धनश्रीच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते लगेच थांबलं नाही. "पन मामा, आज पोती यायलीत," ती म्हणाली.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून लिंगराज तिच्या मागोमाग बोरीला निघाला. दाजींना काय सांगायचं हे त्याने वाटेत तीनदा जुळवलं आणि तीनदा मोडलं.

दुकानासमोर टेम्पो उभा होता. चार पोती आत गेली होती, बाकीची टेम्पोतच होती. दाजी, म्हणजे बसवेश्वर, कपाळाला विभूती लावून गादीवर बसले होते. समोर मोबाईल होता आणि मोबाईलवर यादीचा फोटो. अक्का दारात उभी होती. तिने भावाकडे न बघता त्याला पाण्याचा तांब्या दिला.

"ये लिंगराज," दाजी म्हणाले. "सकाळपून एक गोष्ट विचारायची व्हती. ह्यात दहा नावं हायत. म्हंजे दहाच अल्बम ऐकलेस का तू?"

"दहा कसे? यंदा दोनशे अकरा ऐकले."

"दोनशे अकरा? कुठकुठले?"

"सगळीकडचे. काश्मीरचा हाय, केरळचे हायत. बंगालचे तर लय."

दाजींनी चष्मा कपाळावर सरकवला. तीस वर्षं माल पारखणारा माणूस. मनातल्या मनात काहीतरी चाळून बघत असल्यासारखे ते क्षणभर थांबले. मग हळूच म्हणाले, "म्हंजे देशातल्या दोनशे अकरात आपली सातवी?"

"हो."

"आन् हे तू मामा असून."

"मामा असून न्हाई, दाजी. मामा बाजूला ठेवून."

"तेच मनायलो मी!" दाजींनी मांडीवर थाप मारली. "पयला दिला असतास तर मी मनलो असतो, मामा हाय, देनारच. आमाला काय कळत न्हाई व्हय? पन सातवा! सातवा नंबर कुनी फुकट देत न्हाई." त्यांनी गल्ल्यावरून मान लांब करून हमालाला हाक मारली, "आरं, ती पोती आत नको. इकडं ओसरीला लाव. ताडपत्री टाक वरून."

अक्काने पदर तोंडाला लावला. मग रिकामा तांब्या भावाच्या हातातून जरा हिसकूनच घेतला आणि म्हणाली, "जेवल्याशिवाय जायचं न्हाई."

जेवणं झाली. दाजी गिऱ्हाइकांत गुंतले. येईल त्याला 'दोनशे अकरा' हा आकडा ऐकवणं सुरू झालं होतं. धनश्री दारात येऊन उभी राहिली.

"मामा, आता चार वाजेपर्यंत लाईट हाय. तिसरं गानं परत म्हणून बघते. बसता का आत?"

लिंगराज उठला, आणि उंबऱ्याशी थबकला. "बसतो. पन मंग पुढच्या साली तुला यादीत घेता यायचं न्हाई."

"कामून?"

"जे गानं व्हताना मी खोलीत व्हतो, त्याला नंबर कसा देऊ?"

धनश्रीने त्याच्याकडे बघितलं. "मंग?"

लिंगराजने चपला काढल्या. इतकी वर्षं त्याने हजारो गाणी ऐकली होती, पण एकही गाणं होताना पाहिलं नव्हतं. "चल," तो म्हणाला.

खोलीत तुरीचा आणि जुन्या वाकळांचा वास होता. एका पोत्यावर त्याला बसवून धनश्रीने बजावलं, "हालायचं न्हाई. पोतं वाजतंय." मग तिने दार लावलं, कीबोर्डवर एक सूर धरला आणि गायला सुरुवात केली. 'पाऊल' आलं. या वेळी ते बोरीचं होतं.

लिंगराजचा पाय मुंग्या येऊन बधिर झाला होता. पोत्यातली एक खरीखुरी मुंगी त्याच्या मनगटावर चढली आणि बाहीच्या आत शिरून कोपराकडे निघाली. त्याने श्वास रोखला आणि न हलता तिला जाऊ दिलं.