वीणा खाली ठेवायची नसते

आमच्या माळावरच्या महादेवाच्या सप्ताहात वीणा सात दिवस जमिनीला टेकत नाही. एकाच्या गळ्यातून निघते आणि दुसऱ्याच्या गळ्यात जाते. घेणाऱ्यानं देणाऱ्याच्या पाया पडायचं, देणाऱ्यानं घेणाऱ्याच्या, आणि मग पट्टा डोक्यावरून काढायचा. दोन दोन तासांचे पहारे असतात. कोणाचा कधी, ते मंडपातल्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं. एकोणचाळीस वर्षं झाली, वीणा एकदाही खाली ठेवली गेलेली नाही. एका वर्षी मंडप वाऱ्यानं उडाला होता, तेव्हासुद्धा वीणेकरी खांबाला धरून उभाच होता.

यंदा पाचव्या रात्री माझा पहारा बारा ते दोन. पुढं दोन ते चार प्रमोद.

कीर्तन त्या दिवशी फारच रंगलं. महाराजांनी द्रौपदीच्या थाळीचा प्रसंग असा काही लावला, की शेवटी उरलेलं भाजीचं पान मला प्रत्यक्ष दिसलं. लोक डोळे पुसत घरी गेले. मंदिर गावापासून दोन किलोमीटर. मागं राहिलो मी, वीणा आणि आमची चुलती रुक्माकाकू.

काकू सप्ताहाच्या सातही रात्री जागतात. पहारेकऱ्याला चहा करून देतात, समईत तेल घालतात आणि खांबाला टेकून नाम घेतात. दरवर्षी सप्ताहाच्या बैठकीत त्या एकच मागणं मागतात, "मलाबी एक पहारा द्या." आणि कमिटी दरवर्षी म्हणते, "बघू की पुढच्या वर्षी." अकरा वर्षं झाली. कमिटीत मी आहे.

थंडी अशी, की शेजारच्या हळदीच्या वावरातून वारा आला की हाडं वाजायची. काकूंनी मला तीन कप चहा पाजला. मी तिन्ही प्यालो. इथंच चुकलो.

नाल्यापलीकडं, दोन वावरं सोडून, सोमेश्वरच्या पडीक माळावर त्याच रात्री दुसरा सप्ताह चालला होता. पुण्याच्या पोरांनी त्याच्याकडून ती जमीन भाड्यानं घेतलेली. ड्रम अँड बेस म्हणतात त्या नाचायच्या संगीताला. नांदेडहून, पुण्याहून, पार हैदराबादहून ट्रॅव्हल्स भरून पोरं-पोरी आलेल्या. दहा हजार तरी असतील. आभाळात हिरवे-जांभळे पट्टे फिरत होते, आणि आवाज जमिनीतून चालत येऊन आमची घंटा हलवत होता.

पावणेदोनला मला जाणवलं, की आपल्याला जाऊन यायला पाहिजे. म्हटलं, पंधरा मिनिटांचा प्रश्न आहे. दोन वाजले. प्रमोद नाही. दोन वाजून पाच मिनिटं. मी एका हातानं त्याला फोन लावला. वाजतोय, उचलत नाही. आमच्या अध्यक्षांना, व्यंकटरावांना लावला, तर बंद.

"काकू, प्रमोद कुठं हाय?"

"पाच मिनटात येतो म्हणून तिकडं गेला," त्यांनी नाल्याकडं हात केला. "सोबत तीन पोरं बी गेली. कीर्तन संपल्या संपल्या."

"आन् तुमी मला आत्ता सांगून राहिल्या?"

"तू नामात होता. नामात कोणाला टोकावं का?"

मी एका पायावरून दुसऱ्या पायावर आलो. काकूंनी बघितलं.

"काय रे, पावली खेळून राहिला का?"

"न्हाई काकू. तकलीफ हाय जरा."

त्यांना कळलं. तोंडाला पदर लावून हसल्या.

वीणा गळ्यात ठेवून तसल्या कामाला बसता येत नाही. खाली ठेवता येत नाही. खुंटीला टांगली तरी ती टेकल्यासारखीच. गावात जाऊन कोणाला उठवावं, तर दोन किलोमीटर. प्रमोद नाल्यापलीकडं, अर्धा किलोमीटर. मी मनाशी म्हटलं, दिंडीत वीणा गावभर फिरते, मग सोमेश्वरच्या माळानं काय पाप केलंय? काकूंनी बॅटरी घेतली आणि आम्ही निघालो. पुढं काकू, मागं मी, तोंडानं 'राम कृष्ण हरी'. नाल्यातल्या पाण्याचा आवाज मी मुद्दाम ऐकला नाही.

गेटवर काळ्या कपड्यातला एक धिप्पाड गडी. छातीवर नाव, रत्नपाल. सेनगावचा निघाला.

"काका, सामान टेबलावर ठेवा. चेकिंग हाय."

"ही ठेवता येत न्हाई."

"काहून?"

"सप्ताहाची वीणा हाय, बाबा. चार दिवसांपासून टेकली न्हाई."

त्यानं एकदा माझ्या गंधाकडं बघितलं, एकदा धोतराकडं. मग स्वतःच गुडघ्यावर बसला आणि वीणेच्या भोपळ्यात बॅटरी मारून आत डोकावला. "बराबर हाय. काईच न्हाई आत." उठता उठता त्यानं भोपळ्याला हात लावून कपाळाला लावला. "जा आत. आजींनाबी जाऊ द्या. कलाकाराच्या संगं एक माणूस चालतं."

मी कलाकार नाही, हे सांगायला वेळ नव्हता. त्यानं आमच्या दोघांच्या मनगटावर चमकणाऱ्या पट्ट्या बांधल्या आणि आम्ही थेट स्टेजच्या बाजूला निघालो.

आता खरं सांगतो. मी आयुष्यभर कीर्तन ऐकलं, मला पखवाजाची धूम कळते. डाव्या पुडीला कणीक लावतात तेव्हा जो खर्ज निघतो, तो छातीत वाजतो. हा खर्ज छातीत वाजत नव्हता. त्याच्या बराच खाली वाजत होता. एक एक ठोका नेमका जिथं पडू नये तिथं पडत होता. वर ढोल एवढे पळत होते, की माझं नाम आपोआप दुप्पट लयीत गेलं. दुसरं कोणी असतं तर त्या लयीवर नाचलं असतं. मीसुद्धा नाचत होतो, पण कारण वेगळं होतं.

वर उभा असलेला पोरगा मात्र जाणकार वाटला. चाल चढवत चढवत नेली आणि एकदम सगळं थांबवलं. दहा हजार हात वर. महाराज असंच करतात, टाळ थांबवतात आणि शेवटचा शब्द ओठांवर धरून ठेवतात. माझ्या तोंडून "वा!" निघून गेलं. मग त्यानं खर्ज सोडला, आणि मी डोळे घट्ट मिटले.

"काका, कॉस्च्युम एक नंबर!" एक पोरगी ओरडली. डोळ्यांखाली चमकी लावलेली. "सेल्फी?"

"बाई, इथं संडास कुठं हाय?"

तिनं बोट दाखवलं. प्लास्टिकच्या हिरव्या खोक्यांची रांग, आणि प्रत्येकापुढं वीस-वीस माणसं.

तेवढ्यात काकू ओरडल्या, "त्यो बघ प्रमोद!"

एवढ्या गर्दीत कसा ओळखला? पायांवरून. सगळी पोरं जागच्या जागी उड्या मारत होती, आणि मधोमध एकजण दोन पावलं पुढं, एक मागं, अशी पावली टाकत होता. त्याच्या मागं तीस-चाळीस अनोळखी पोरं तसंच करत होती. पण त्याच्या-माझ्यात शेकडो माणसं. वीणेची दांडी सांभाळत तिथं पोचायला सकाळ झाली असती, आणि माझ्याकडं दोन मिनिटं उरली होती. फार तर.

"काकू, आता वीणेची लाज न्हाई राहत. काय करू?"

काकू माझ्यापुढं येऊन उभ्या राहिल्या. दोन्ही हात पुढं केले.

"दे इकडं."

"काकू, कमिटी..."

"कमिटी धरती का तुझी वीणा आत्ता? बोलव तिला."

एकोणचाळीस वर्षांची वीणा एका बाजूला, अकरा वर्षांचं 'बघू' दुसऱ्या बाजूला, आणि मधोमध तीन कप चहा. दोन तास त्या माझ्यासमोर जाग्या बसल्या होत्या, आणि मी नाला ओलांडून माणूस शोधायला आलो होतो.

काकू माझ्या पाया पडल्या. मी त्यांच्या पाया पडायला निघालो, तर वाकताच येईना.

"वाकू नको," काकू घाईनं म्हणाल्या. "लेकरा, तू तसाच जा."

पट्टा माझ्या डोक्यावरून निघाला, त्यांच्या पदरावरून गळ्यात गेला. तारेवर बोट पडलं. मी पळालो. त्या चमकीवाल्या पोरीनं रांगेला ओरडून सांगितलं, "आर्टिस्टला जाऊ द्या!" आणि रांग बाजूला झाली. देव तिचं भलं करो. रोज सकाळी तिच्यासाठी एक नमस्कार जास्त करतो.

परत आलो तर काकू जिथं सोडल्या होत्या तिथंच. एक पाऊल हललेल्या नाहीत. डोळे मिटलेले, तारेवर बोट, ओठांवर नाम. भोवती रिंगण, पोरं-पोरी त्यांना वळसा घालून पावली टाकत होत्या. आणि बाजूला, काकूंच्या गळ्यात वीणा बघून धावत आलेला प्रमोद, कान धरून उभा.

"काकू, चुकलो. द्या वीणा. दोन ते चार माझा पहारा हाय."

काकूंनी एक डोळा उघडला. "तुझा व्हता. आता धरला मी. चारला ये."

प्रमोदनं माझ्याकडं बघितलं. कमिटीचा माणूस मीच होतो तिथं.

"चारला ये म्हणल्या ना," मी म्हटलं आणि काकूंपुढं वाकलो. आता वाकता येत होतं.

परतताना पुढं बॅटरी घेऊन मी, मध्ये काकू, मागं खाली मान घालून प्रमोद आणि ती तीन पोरं. गेटवर रत्नपालनं हात जोडले. मंडपात आल्यावर मी फळ्यावरचं प्रमोदचं नाव पुसलं आणि खडूनं 'रुक्माबाई' लिहिलं, प्रमोदला चारच्या पहाऱ्यावर टाकलं. व्यंकटरावांना सकाळी काय सांगायचं, ते सकाळी बघू म्हटलं.

चार वाजता प्रमोद आंघोळ करून, गंध लावून पुढं उभा राहिला. काकू म्हणाल्या, "पाच मिनटं थांब."

काकड्याला माणसं येऊ लागली, तरी ती पाच मिनिटं संपली नव्हती. व्यंकटराव आले, फळा वाचला, काकूंकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि टाळ घेऊन खाली बसले.

मधे एकदा मी चहा करून काकूंच्या पुढं नेला. त्यांनी मान हलवली.

"काहून? थंडी हाय की."

"नको रे बाबा," तारेवरचं बोट न थांबवता त्या म्हणाल्या. "तुझं बघितलं ना मी."