धुरीचे तीन फेरे

मंगळवारी पहाटे मी अर्ध्या झोपेतच उठायचे. चुलीतले दोन निखारे तव्यावर घ्यायचे, त्यावर डोंगरातून आणलेल्या अर्चाच्या झुडपाची वाळकी डहाळी टाकायची आणि वास सुटला की अंगणात जायचे. आमच्या कोचकोर गावात त्या वेळी धुकं कुठलं, धूर कुठला आणि गाईंचा श्वास कुठला ते सांगता येत नाही. आपण जागे आहोत की स्वप्नात चालतोय हे मला पुष्कळदा कळायचं नाही, आणि कळून घ्यायची घाईही नसायची.

अंगणात मातीच्या भिंतीच्या कोपऱ्याजवळ, भोवती फिरता येईल असा, एक सपाट दगड आहे. त्यावर मेंढीच्या चरबीचे तुकडे ठेवायचे आणि शेजारी एक नवी वस्तू. कधी लाल नरसाळं, कधी प्लॅस्टिकचं निळं बदक, कधी पिवळ्या लोकरीचा गोंडा. हे सगळं बेगायिमसाठी. बेगायिम माझ्या भावाची मुलगी, बिश्केकला शिकलेली. चार वर्षं माझ्याकडे राहून ती सागिझगान पक्ष्यांचा अभ्यास करत होती. सागिझगान म्हणजे आमच्याकडचा काळा-पांढरा, लांब शेपटीचा, कावळ्याच्या कुळातला चोर. नवी वस्तू दिसल्यावर तो किती मिनिटांनी चरबीला तोंड लावतो, हे ती पडद्याआडून मोजायची. तिला बघून पक्षी बुजायचे, म्हणून वस्तू ठेवायचं काम माझ्याकडे होतं.

ती म्हणायची, नव्याला सगळेच भितात. मेंदूत ‘पळ’ आणि ‘बघ’ दोन्ही एकदमच सुरू होतं, आणि ज्याची सरशी होईल तसा जीव वागतो. दुसऱ्या गावात हेच पक्षी दोन-दोन तास झाडावरून हलत नाहीत. आमच्या अंगणात सहा मिनिटं. कधीतरी एखाद्या धिटाने सुरुवात केली असणार, बाकीच्यांनी बघून उचललं असणार आणि आता ती इथली रीतच झाली, असं तिच्या प्रबंधात लिहिलं होतं. मला अभिमान वाटायचा. आमच्या गावचे चोरसुद्धा शूर.

मग सप्टेंबरात मला ताप आला. त्या मंगळवारी शेजारच्या केन्जेगुलने दगडावर काचेची हिरवी बाटली नुसतीच ठेवली. पक्षी दिवसभर पॉप्लरच्या झाडावर बसून राहिले. एकही उतरला नाही. बेगायिम म्हणाली, हवा बिघडली असेल. मी गोधडीत पडून छताकडे बघत होते आणि माझा ताप एकदम उतरला, कारण मला कळलं होतं.

आमच्यात नवी वस्तू धुरीशिवाय वापरत नाहीत. पाळणा असो, कोट असो, बाजारातून आणलेली गाय असो. तवा घेऊन तिच्याभोवती तीन फेरे घालायचे आणि ‘अलास, अलास’ म्हणायचं, की पीडा टळो. बेगायिमच्या नरसाळ्या-बदकांनाही मी तेच करत होते. दर फेऱ्याला भिंतीच्या कोपऱ्याशी माझा डावा गुडघा धरतो, तिथे तो पाय जरा उचलून दोन श्वास थांबायचे, मग पुढे. हात आपोआप करायचे. तिला सांगितलं नव्हतं, कारण शिकलेली पोर हसली असती, आणि मला स्वतःचं हसं करून घ्यायची सवय नाही.

तीन आठवड्यांवर तिच्या पदवीची, प्रबंध सगळ्यांसमोर मांडायची सभा होती. दोन दिवस मी गप्प बसले. तिसऱ्या दिवशी चहा ओतताना म्हणाले, “बेगायिम, तुझे पक्षी काही शूर नाहीत.”

“म्हणजे?”

“मी धुरी देते. दर मंगळवारी, पहिल्यापासून. ते वरून बघतात. मी, सोनुनबुबूनं, धूर फिरवला म्हणजे भ्यायचं कारण नाही, एवढं त्यांना समजलंय.”

तिने चहाचा वाडगा न पिताच खाली ठेवला.

“एजे,” आत्याला ती असंच म्हणते, “तुम्ही बोलला नसता तर मला पदवी मिळाली असती.”

“माहीत आहे. घास उतरेना गं.”

“माझी चार वर्षं गेली, एजे.” एवढंच बोलली. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

ती बिश्केकला गेली आणि तिच्या मार्गदर्शक ओरोझोव सरांना सगळं सांगून आली. सरांनी सभा पुढे ढकलली. आणखी वेळ देतो, म्हणाले, धुरी बंद करा, आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत सांगण्यासारखं काही दिसलं नाही तर हा विषय सोडून द्या. ऑक्टोबरपासून माझा तवा खुंटीला लागला.

सगळा हिवाळा पक्षी पॉप्लरवर बसून माझ्या दाराकडे बघायचे. दगडावर नव्या वस्तू बर्फात बुडायच्या, चरबी गोठायची. बेगायिमच्या वहीत दर आठवड्याला तेच एक वाक्य: एकही उतरला नाही. मला लाज वाटायची, आणि पाखरांचा रागही यायचा. इतकी वर्षं खाऊ घातलं, आता जरा स्वतःचं डोकं चालवा की. झोपेत मात्र मी तवा घेऊन फिरत असे आणि ते माझ्यामागून एका रांगेत चालत असत. एकाने तर माझा डोक्याचा रुमाल बांधलेला असे.

मार्चमध्ये एका सकाळी तुटक्या शेपटीची म्हातारी पक्षीण खाली उतरली. दगडावर घंटी होती. ती घंटीपासून हातभर दूर राहून चालायला लागली. एक फेरा. कोपऱ्याशी थांबली, पुन्हा निघाली. दुसरा. तिसरा. मग चरबी उचलली. पाठोपाठ बाकीचे उतरले. मला वाटलं, मी अजून अंथरुणातच आहे. बेगायिमने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की वळ उठला.

“एजे, हे त्यांना कुणी शिकवलं?”

मी डोक्याच्या रुमालाचं टोक तोंडात धरलं. तोंड उघडलं असतं तर रडले असते.

पण सर म्हणाले, त्या म्हातारीने तुमच्या आत्याला पाहिलेलं आहे, ही नुसती नक्कल असेल. रीत म्हणायची तर पुढच्या पिढीत दिसली पाहिजे.

जूनच्या शेवटी मेमध्ये अंड्यातून निघालेलं एक पिल्लू एकटंच दगडाशी आलं. शेपूट अजून आखूड, चोचीच्या कडा पिवळ्या. त्याने माझा तवा कधी पाहिलाच नव्हता. दगडावर तांबडा चमचा होता. पिल्लू फिरायला लागलं. दर फेऱ्याला भिंतीच्या त्याच कोपऱ्याशी यायचं, डावा पाय जरा उचलून धरायचं, दोन श्वास थांबायचं आणि पुढे जायचं.

बेगायिम लिहीत होती आणि वहीवर टपटप पाणी पडत होतं. मी माझ्या गुडघ्यावर हात ठेवून बसले होते.

त्या पिल्लाचे दोन्ही पाय अगदी धड होते.